दोन गुलाबांची डीव्हीडी

रफिकभाई गेल्याचं मला त्यांच्या पत्नीने जवळा बाजारहून फोनवर कळवलं. मी हिंगोलीत वर्तमानपत्राच्या कार्यालयात होतो. काय झालं, कसं झालं, ते ऐकून घेतलं आणि सवयीने विचारलं, "भाभी, एखादा फोटो पाठवता का?" त्या म्हणाल्या, "गौतमभाऊ, सगळ्या बाजाराचे फोटो हायेत. यांचाच न्हाई."

रफिकभाईंचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. माझी आई गेली तेव्हा तिचा एकमेव नीट फोटो त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होता, दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डीव्हीडीवरून तो सुरू करायचा आणि आतलं काही न बिघडवता फोटो काढून घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. विचार बरोबर होता. शेजारच्या सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर ते स्वतःच डीव्हीडी तयार करून घेऊन आले. स्टुडिओच्या शिस्तीप्रमाणे तिच्यावर लग्नाचं लेबलही होतं: दोन गुलाब, मधे बदाम, बदामात 'लिनक्स'.

डीव्हीडी आत गेली. पडद्यावर सूचना आली की डिस्क घाला. "घातली की बाबा," रफिकभाई म्हणाले, "डोळे गेले का तुझे?" सुरू होताना कॉम्प्युटरने आधी डीव्हीडी बघावी म्हणून त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन तिला पहिला नंबर दिला. लेन्सच्या फडक्याने ती पुसली. शेवटी अत्तराचा बोळा फिरवला. खोलीभर वास सुटला. कॉम्प्युटर जागचा हलला नाही.

मी रफिकभाईंना घेऊन सेवा केंद्रात गेलो आणि डीव्हीडी उघडली. आत एकच फाइल दिसत होती.

"एकच?"

"मग किती पाहिजेत? लिनक्स एकच हाय ना," रफिकभाई म्हणाले.

लग्नाचे फोटो कॉपी करून देतात, तशीच त्यांनी ती फाइल कॉपी केली होती. ही फाइल म्हणजे बंद पेटी. ती डीव्हीडीवर उलगडून लिहावी लागते आणि त्याचं बटण वेगळं असतं. केंद्रातल्या ताईंनी ते दाखवलं.

"आधी काहून न्हाई सांगितलं?" रफिकभाईंनी ताईंना विचारलं.

"तुमीच म्हणले, मला नको शिकवू, म्या हजार लग्नं लिहिली."

दुसरी डीव्हीडी चालली. पडद्यावर आई आली, डोक्यावर पदर, नजर करडी. रफिकभाई खुर्चीतून उठून उभे राहिले. "आल्या मावशी. लई तकलीफ दिली तुमाला."

पहिली डीव्हीडी त्यांनी कॅमेऱ्याच्या वर दोऱ्याने टांगली. फोटोला बसलेलं माणूस ताठरलं की ते दोरा हलवायचे. "हिच्याकडं बघा. कामाची न्हाई, पण दिसायला ग्वाड हाय."

परवा भाभींनी स्टुडिओ उघडून दिला. कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. लेकरं, नवरदेव, म्हाताऱ्या... रफिकभाई कुठेच नाहीत, त्यामुळे या लेखासोबत छायाचित्र नाही. माझ्या ओळखपत्रावरचा फोटोही तिथलाच. त्यात मी कॅमेऱ्याकडे न बघता किंचित वर बघतोय आणि ओठ हसू दाबताहेत. वर दोन गुलाब फिरत होते. दोरा रफिकभाईंच्या हातात होता.