सालमनचं माहेर

कॅनडातल्या एका नदीमुळे माझ्या बायकोचं माहेरचं बाळंतपण रद्द व्हायची वेळ आली होती.

मी लोणी भापकरजवळच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. मनीषाचं माहेर भिगवणचं. तिचे वडील तात्या उजनीच्या पाण्यात मासे धरतात. आमच्या घरात मात्र माझी थोरली आत्या माळकरी, त्यामुळे घरात माशाचं चित्रसुद्धा चालत नाही. आणि मनीषाला डोहाळे लागले ते नेमके माशाचे! सात महिने बिचारीने वांग्यावर काढले. डोहाळजेवण उरकलं की तात्या तिला घेऊन जाणार होते. तिने बॅग आठवडाभर आधीच भरून दाराशी ठेवली होती, आणि आम्ही येता-जाता तिला अडखळत होतो (बॅगेला).

डोहाळजेवणाच्या पंगतीत बायकांनी मला धरलं, "मास्तर, नाव घ्या." आदल्याच दिवशी वर्गात कॅनडातली सालमन माशाची नदी शिकवली होती, तेच तोंडातून बाहेर पडलं.

"समुद्र सोडून सालमन निघाला डोंगरातल्या पाण्याला, मनीषा निघाली भिगवणला पहिल्या बाळंतपणाला."

टाळ्या पडल्या. इथे मी थांबायला हवं होतं.

"ह्यो सालमन कोन रं?" आत्याने विचारलं.

मी ताटातल्या मसालेभाताचा डोंगर केला, वरून मठ्ठ्याची नदी सोडली, वाटेत जिलेबीचे धबधबे मांडले. म्हणालो, "हा मासा डोंगरातल्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो. अंडी घालायची वेळ आली की उलट्या धारेने वर चढत बरोबर जन्मल्या ठिकाणी येतो."

"म्हंजे म्हायरी येतो की," आत्याने डोळ्याला पदर लावला. "गुनाचा मासा हाय. मंग?"

"मग अंडी घालतो."

"आन मंग?"

(धडा अर्धवट सोडू नये, असं मला नोकरीला लागताना कुणीतरी सांगितलं होतं. त्या माणसाला मी अजून शोधतोय.)

"मग मरतो," मी म्हणालो.

पंगतीत वाढपी जागच्या जागी थांबले. आत्याने हातातला घास ताटात ठेवला. "बॅग आत न्या. सुनबाई कुटं जायची न्हाय. भरल्या वटीच्या पोरीम्होरं आसलं बोलतूस व्हय रं?"

मनीषाचा चेहरा पडला. मी सावरायला गेलो. "तसं नाही आत्या, दुसऱ्या एका समुद्रातले थोडे जगतात."

"थोडं?"

"आणि हे मरतात ते बाळंतपणाने नाही. नदीत शिरल्यावर ते काही खातच नाहीत. उपासाने खंगतात."

"म्हंजे भिगवणला पोरीला जेवाय घालत न्हाईत म्हनतूस?"

तात्या शेजारच्याच पाटावर होते. मी त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

"आन नर?" आत्या सोडेना.

"तोही मरतो."

"अहो," मनीषा रडवेल्या आवाजात म्हणाली, "तुम्ही आता जिलेबी खा."

मी धबधबा तोंडात घातला. तात्यांनी शांतपणे हात धुतले आणि आत्यासमोर येऊन बसले.

"आत्याबाई, त्यो मासा परमुलखातला. त्याचं मास्तरांस्नी ठावं. मी जलमभर भीमंचा मासा बघतुया. पानी आलं की वर चढतो, अंडी सोडतो, आन पानी उतराय लागलं की सुखरूप खाली आपल्या जागंवर येतो. फुडल्या साली परत हाय."

"मरत न्हाय?"

"जाळ्यात घावला तरच."

आत्याने झटकन मान वर केली. मीही केली.

"आन आमच्या घरचं जाळं," तात्या म्हणाले, "माज्याच हातात हाय."

आत्या हसली. सात महिन्यांत ती माशावरून पहिल्यांदाच हसली. "न्या मंग. पर पानी उतारलं की आनून सोडा."

तात्यांचे हे उपकार मी कधी फेडू शकणार नाही. जावयाने भर पंगतीत त्यांच्या घरी उपासमार होते असं सांगितलं, आणि त्या माणसाने रागाचा एक शब्द न काढता बॅग उचलली. पुढे दर रविवारी मी भिगवणला गेलो, दर रविवारी सासूबाईंनी मला माशाचं कालवण वाढलं, आणि सालमनचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

पोर सव्वा महिन्याची झाल्यावर तात्या दोघींना घेऊन दारात आले. आत्याने भाकरतुकडा ओवाळला, नातीचा मुका घेतला, मनीषाच्या गालावरून हात फिरवला. मग भिगवणच्या कालवणाने सुटलेल्या माझ्या पोटाकडे तिने बराच वेळ बघितलं.

"समदं ब्येस झालं," ती तात्यांना म्हणाली. "पर ह्यो नर का मेला न्हाय अजून?"