एप्रिलचे चार, फेब्रुवारीचे अकरा

'बाई, तुम्ही काय सुंदर शिकवता हो!' असं कुणी म्हटलं की कुमुदिनी मोघे यांची कळी खुलायची. कुणाची खुलत नाही? पण बाईंना कौतुक अंमळ जास्तच आवडायचं, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. यजमानांची, भालचंद्ररावांची, दिल्लीला बदली झाली म्हणून पुणं आणि तिथली शाळा सोडली, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला, आणि त्र्याण्णव साली नोएडातल्या एका नव्या कोऱ्या शाळेत त्या गणिताच्या बाई म्हणून रुजू झाल्या. सकाळी सव्वासहाची चार्टर्ड बस, यमुनेचा पूल, आणि मग नुसते सेक्टरच सेक्टर. निम्म्यांत घरं, निम्म्यांत अजून गहू डोलत होता. शाळेच्या नावात एक इंग्रजी संत होता खरा, पण मालक टाइल्सचे व्यापारी.

तर या बाईंची एक खोड होती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, अजून पुस्तकांना कव्हरंसुद्धा चढलेली नसताना, त्या आठवीच्या तिन्ही तुकड्यांना वीस गणितांचा एक पेपर द्यायच्या. मागच्या तीन इयत्तांतली गणितं. मग फेब्रुवारीत पुन्हा तोच पेपर, एक आकडाही न बदलता. 'नवा पेपर काढायचा कंटाळा, दुसरं काय!' असं स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे. बाई फणकारायच्या, 'अबोलीची उंची मी दारामागे पेन्सिलीने मोजते, ती काय दरवर्षी वेगळ्या पट्टीने?' एकदा सरकारी रंगारी आले आणि लेकीच्या उंचीच्या सगळ्या रेघा चुना फासून मोकळे झाले, तेव्हापासून बाई सगळं वहीतच लिहायच्या. मुलाचं नाव, एप्रिलला किती आले, फेब्रुवारीला किती आले. वही आणि पेपर, दोन्ही घरी पत्र्याच्या ट्रंकेत, वर कुलूप.

आठवीच्या 'ए' तुकडीला बाई स्वतः शिकवत. तिथे अधिकाऱ्यांची, नव्या कंपन्यांतल्या साहेबांची, संध्याकाळी ट्यूशनला जाणारी मुलं. 'सी' तुकडीचा प्रकार निराळा. शाळा नवी होती, बाकं रिकामी होती, तेव्हा इलेक्ट्रिशियन, चौकीदार, कारखान्यात शिफ्टवर जाणारे, कुणाचीही मुलं हात जोडून घेतली होती. आता नोएडा भरायला लागलं, फाटकाशी मोटारी लागायला लागल्या, आणि तीच मुलं डोळ्यांत खुपायला लागली. त्यांना शिकवायची अहिल्या सोनवणे. उस्मानाबादकडची, गाझियाबादला राहायची, नोकरीत दुसरंच वर्ष. अख्ख्या स्टाफरूममध्ये मराठी बोलणाऱ्या या दोघीच. पण अहिल्याच्या बोलण्याचा हेल ऐकला की मोघेबाईंच्या कपाळाला बारीकशी आठी पडायची. होतं असं, खोटं कशाला बोला.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत मालकांचे चिरंजीव राजीव साहनी यांनी मीटिंग बोलावली. परदेशातून मॅनेजमेंट शिकून आलेला, नवा कॉम्प्युटर, रंगीत खांबांच्या आलेखांचे कागद. शाळेच्या सुधारणेचा प्लॅन म्हणे! प्लॅन काय, तर आठवीपर्यंतची शाळा आता दहावीपर्यंत जाणार, बोर्डाला पहिल्यांदा बसणार ती हीच मुलं, तेव्हा निकाल चकचकीत हवा. 'ए'चा खांब उंच, 'सी'चा बुटका, तर बुटका खांबच काढून टाका. नववीची नावं बोर्डाकडे जायच्या आत आठवी 'सी'च्या अठ्ठावीस मुलांच्या हातात दाखले, आणि अहिल्या सोनवणेला नोटीस. 'किसी को कुछ कहना हो तो नेक्स्ट मंडे तक,' असं म्हणून साहेब उठले. अहिल्या मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे कुणी बघेना.

आणि आपल्या मोघेबाई? त्या घरी आल्या, चहा टाकला आणि भालचंद्ररावांना म्हणाल्या, 'वाईट वाटतं हो. पण साहेबांचंही अगदीच चूक नाही.' मग नुकत्याच झालेल्या पेपरांचा गठ्ठा घेऊन वही उघडली.

'सी'चे आकडे उतरवता उतरवता त्यांचा हात थांबला. एप्रिलला या मुलांची सरासरी होती विसांत चार. आता अकरा! बाईंनी पुन्हा बेरीज केली. अकराच. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की पेपर फुटला. अहिल्याने मुलांकडून घोकून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला जिन्यातच गाठलं.

'अहिल्या, खरं सांग. पेपर दाखवलास ना मुलांना?'

'बाई, पेपर तुमच्या ट्रंकेत. मला कसा घावेल?'

'मग मुलांना एप्रिलचा आठवला असेल.'

'तवा त्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं,' अहिल्या म्हणाली. 'न कळलेलं दहा महिने आठवतंय होय कुणाला?'

पण सुखासुखी मानतील तर त्या मोघेबाई कसल्या! त्यांनी त्याच धर्तीचा नवा पेपर काढला, आकडे सगळे बदलले, आणि शनिवारी 'सी'त स्वतः पहारा करत घेतला. तिथेच बसून तपासला. सरासरी अकराच्याही जरा वरच. बाईंचे कान गरम झाले. त्या उठल्या, अहिल्यापाशी गेल्या आणि सरळ म्हणाल्या, 'माझं चुकलं. तुझ्यावर नसता आळ घेतला. आता मला दाखव, तू करतेस तरी काय.'

पुढच्याच तासाला बाईंनी ते वर्गात बसून पाहिलं. करायची काय, तर तास सुरू झाला की पहिली दहा मिनिटं 'कल की गलती'. काल वर्गात चुकलेली तीन गणितं नावाशिवाय फळ्यावर लिहायची. चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली ते मुलांनी शोधायचं. शाब्दिक गणित असलं की आधी पुस्तक मिटायचं आणि ते हिंदीत, घरी आईला सांगतो तसं सांगायचं. नळ, टाकी, मजूर, दिवस, सगळं. मग आकडेमोड. एक मुलगी तर हसत हसत ओरडली, 'मॅम, ये वाली मेरी गलती है!' बाई बघतच राहिल्या. त्यांच्या वर्गात चूक कबूल करायला कुणी असं धावत येत नसे.

घरी येऊन त्यांनी वही पुन्हा काढली. कोणत्या गणितांत मुलं वाढली, ते एकेक करून लावलं. बहुतेक वाढ शाब्दिक गणितांचीच होती. आणि मग, सहज म्हणून, त्यांनी स्वतःच्या 'ए' तुकडीची वजाबाकी केली. तीन वर्षं त्या आकडे लिहीत होत्या, पण ही एक वजाबाकी त्यांनी कधी केलीच नव्हती. गरजच काय! 'ए'ची मुलं हुशार, बाई हुशार, सगळं आबादीआबाद. एप्रिलला पंधरा, फेब्रुवारीला सोळा. नऊ मुलं तर उलट खाली घसरलेली. मागची वर्षं काढली. तिथेही तेच.

'म्हणजे मी वर्षभर केलं काय?' त्या म्हणाल्या. 'ट्यूशनवाले शिकवणार आणि मी नुसती हजेरी घेणार!'

भालचंद्रराव समजूतदार माणूस. म्हणाले, 'अगं, मग 'सी'चे आकडे दाखव ना फक्त. मुलंही वाचतील, अहिल्याही वाचेल. तुझे कशाला पुढे करतेस? शाळेच्या माहितीपत्रकावर फोटो आहे तुझा.'

'एकटे अकरा दाखवले तर साहेब म्हणणार, अकराच ना? विसांत जेमतेम निम्मे! शेजारी माझे ठेवले तरच ते अकरा दिसतात हो.' एवढं बोलून बाईंना रडू फुटलं. वीस वर्षं ऐकलेलं कौतुक असं एका वजाबाकीत जायचं म्हणजे काय थोडं दुःख आहे? रडल्या, तोंड धुतलं, आणि चौकटीच्या कागदावर तिन्ही तुकड्यांचा तक्ता करायला बसल्या. स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहिलं. या बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग असेल, कौतुकाची हाव असेल, पण त्या रविवारी त्यांनी जे केलं ते भल्याभल्यांच्याने होत नाही.

सोमवारी मीटिंगमध्ये त्यांनी तक्ता भिंतीवर चिकटवला. राजीवसाहेब वाचून म्हणाले, 'लेकिन मॅडम, इलेवन तो सिक्स्टीन से कम ही है.'

'बिल्कुल कम है.' पुढे बाईंनी हिंदीतच जे सुनावलं ते असं, 'पण ही मुलं कुठून निघाली ते बघा, सर. चारवरून अकरा. याच चालीने गेली तर बोर्डापर्यंत पास होतील. माझी मुलं पंधरावर आली आणि सोळावर गेली. आता सांगा, यात शिकवलं कुणी?'

प्रिन्सिपलबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

'आप अपने ही खिलाफ बोल रही हैं,' साहेब म्हणाले.

'आकडे बोलतात, सर, मी नाही. ठेंगणी मुलं वर्गाबाहेर काढून वर्ग उंच झाला म्हणायचं, हा प्लॅन नव्हे. प्लॅन करायचाच तर अहिल्या काय करते ते तिन्ही तुकड्यांत सुरू करा. एप्रिल-फेब्रुवारीचा पेपर सगळ्या विषयांना लावा. आणि कुणाला नोटीस द्यायचीच असेल, तर या तक्त्यात सगळ्यात कमी वाढ कुणाची, ते वाचून द्या.'

राजीव साहनी व्यापाऱ्याचा मुलगा, पण मूर्ख नव्हता. त्याने तक्त्यावर बोट फिरवत दोनदा वजाबाकी केली. मग त्याने स्वतःचे रंगीत कागद गोळा केले आणि उलटे करून ठेवले. अठ्ठावीस मुलं राहिली. त्यांच्याबरोबर अहिल्याही नववीत गेली, आणि गणित विभागाची प्रमुखही तीच झाली. ती जागा तोवर मोघेबाईंची होती. माहितीपत्रकावरचा फोटोही पुढच्या छपाईत गळला. बाईंना लागलं का? लागलंच. पण साहेबांकडे त्यांनी एकच मागणी केली, की आठवड्यातले दोन तास मोकळे द्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, नववी 'सी'चा तास सुरू होता होता, शेहेचाळीस वर्षांच्या कुमुदिनी मोघे नवी वही घेऊन आल्या आणि गुपचूप शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. फळ्याशी उभी असलेली अहिल्या ओशाळली. 'बाई, पुढे बसा ना,' ती म्हणाली. बाईंनी हातानेच 'चालू दे' म्हटलं.

शेजारी शबनम होती, इलेक्ट्रिशियनची मुलगी. तिने जरा वेळ बाईंकडे निरखून बघितलं आणि हळूच विचारलं, 'मॅम, आप यहाँ क्यों? आपके भी कम आए थे?'

'कम नहीं, बेटा,' त्या म्हणाल्या. 'बढ़े नहीं.'

शबनमने आपलं दप्तर उचलून खाली ठेवलं आणि बाईंना ऐसपैस जागा करून दिली. 'घबराइए मत, मॅम. अहिल्या मॅम की क्लास में सबके बढ़ते हैं.'

बाई सरकून नीट बसल्या आणि फळ्यावरची पहिली चूक वहीत उतरवू लागल्या.