गेटच्या रजिस्टरातले खेकडे

बाबांना जाऊन आता सहा आठवडे झाले. शाळेत माझा तास चालू असताना आईचा फोन आला, आणि मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं...

आम्ही भंडाऱ्याकडचे. स्वतःचं शेत नव्हतं. आईबाबा दुसऱ्यांच्या धानात रोवणीला जायचे. तेही काम पुरेना, तेव्हा पुण्याला आलो. विश्रांतवाडीतल्या एका सोसायटीत बाबा दिवसपाळीचे वॉचमन झाले आणि जिन्याखालच्या खोलीत आमचा संसार मांडला. खोलीत अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून बारावी मी गेटजवळच्या त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून केली. गावाहून आणलेली चांगली म्हणावी अशी वस्तू एकच, पाण्याचा तांब्याचा गुंड, म्हणजे हंडा. माझी परीक्षा असली की त्यातला पहिला पेला मला.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी पाच हर्मिट क्रॅब घेतले, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे छोटे समुद्री खेकडे. वाढले की ते शंख बदलतात. कोणता निवडतात, ते टिपायचं होतं. कॉलेजात खाऱ्या पाण्याची टाकी नव्हती. आमच्या मॅडमनी कुठून तरी एक जुनी मिळवून दिली, ती मी केबिनमध्ये ठेवली. बाबांनी वाकून पाहिलं.

"याचा तर रस्साबी होनार नाही. पोसाचे काऊन?"

"मार्कांसाठी, बाबा."

"मंग ठीक हाय."

पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं. म्हणून रोज खुणेपर्यंत साधं गोडं पाणी घाला, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. तीन आठवड्यांत पाचही खेकडे मेले. बाबा म्हणाले, "मी तर गुंडातलं चांगलं पानी घालत होतो." तांबं या जिवांना विषासारखं असतं, हे मला वर्गात शिकवलेलं होतं. त्यांना सांगायचं मीच विसरले होते. तरी मीच त्यांच्यावर ओरडले, "तुम्हाला यातलं काय कळतं!" गाडी काढणारे दोघं थांबून बघायला लागले. बाबा शांतपणे म्हणाले, "नाही कळत. म्हनून तर तुले शिकवतो."

मी माफी मागितली नाही. नंतरही कधी नाही...

मॅडमनी मुदत वाढवून दिली. प्रकल्प झाला नसता तर वर्ष गेलं असतं. टाकीतलं वाळूसकट सगळं बदललं. बाबांनी सुट्टीच्या दिवशी समुद्रकाठाहून नवे पाच खेकडे डबा मांडीवर धरून बसनं आणले. मी दिवसभर कॉलेजात, त्यामुळे टाकीवर नजर त्यांचीच. सातवी शिकलेल्या माणसाला नोंदीची एकच पद्धत ठाऊक होती. त्यांनी पाहुण्यांच्या नोंदीचं कोरं रजिस्टर उघडलं आणि लिहायला लागले: "नाव: तिसरा. कुठून: काळा शंख. कुठे: पट्ट्यांचा शंख. आत ११.२०. बाहेर ११.३५. पसंत नाही." सोसायटीचे चेअरमन एकदा म्हणाले, "वॉचमन, आमच्या गाड्यांपेक्षा तुमचे खेकडे सुरक्षित दिसतात." बाबा म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीचीबी नोंद हाय. काल सव्वासातले आली. मांगचा लाइट बंद होता." चेअरमन गाडीचा मागचा लाइट बघायला गेले.

रजिस्टर पाहून मॅडमनी विचारलं, "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, "वडिलांनी." त्या म्हणाल्या, "अहवालात तसं स्पष्ट लिही." मी लिहिलं.

तेरावं झाल्यावर बाबांच्या पेटीत ते रजिस्टर सापडलं. प्रकल्पाच्या नोंदी दुसऱ्या पानापासून होत्या, म्हणून पहिलं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. त्यावर एकच नोंद होती: "पाच खेकडे. बाहेर जाण्याची वेळ: माहीत नाही. कारण: तांब्याचं पाणी. चूक: वॉचमन." पुढे त्यांची पूर्ण सही.

त्याखालच्या ओळीत मी लिहिलं, "पाण्याचं सांगितलं नव्हतं. चूक: मुलगी." आणि सही केली.

टाकी आता धायरीला माझ्या घरी आहे. तिच्यात दोन खेकडे आहेत आणि रजिस्टर शेजारीच असतं. रोज सकाळी प्लास्टिकच्या बाटलीनं मी खुणेपर्यंत पाणी घालते. तो प्रकल्प मंजूर झाला. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यातली पहिली, आणि आज शाळेत विज्ञान शिकवते.