आजोबांनी दिलेला आवाज

मुक्ता, ईशान,

हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही, सतीशमामाला नाही, देवापुढेही कधी मोठ्याने म्हटलेलं नाही. आज लिहायला बसले ते तुमच्या फोनमुळे. दिवाळीला ईशान म्हणाला, "आजी, मामाच्या गेममध्ये माणूस मरताना ओरडतो ना, तो आवाज आजोबांचा आहे! माझ्या मित्रांना पटतच नाही." मी हसले. घरात सगळेच या गोष्टीवर हसतात. आजोबांनी गेममध्ये काम केलं — केवढं कौतुक! मी फोन ठेवला आणि जाऊन हात धुतले. का धुतले? मला ठाऊक नाही.

क्रमाने सांगते. तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, क्रमाशिवाय मला सुचत नाही.

तेव्हा मामा कॉलेज संपवून जालन्याला घरीच होता. नोकरी नव्हती. कॉलेजात तो आणि त्याचे मित्र एक बंदुकांचा गेम खेळत — दहा-पंधरा जण एकाच वेळी, आपापल्या कॉम्प्युटरवर, एकमेकांना शोधून मारायचं. तो गेम आता जुना झाला होता. देशोदेशीची काही मुलं, एकमेकांना कधी न पाहिलेली, तोच गेम नव्या इंजिनावर पुन्हा उभा करत होती, तेही फुकट. मामा त्यांच्यातला एक. इंजिन म्हणजे काय, ते मला कळेना. आजोबांना लगेच कळलं.

"अगं, विहीर तीच, आपली केदारखेड्याची. डिझेलचं जुनं इंजिन काढून नवं बसवून राह्यला तो. मंग पाणी जोरात येतं."

"बराबर, दादा!" मामा म्हणाला. आजोबांना तो दादा म्हणायचा.

पण नव्या इंजिनाने एक अडचण केली. आता आवाज कुठून आला, किती लांबून आला, हे कानाला कळू लागलं, आणि जुने आवाज उघडे पडले. मरणाऱ्या माणसाचा आवाज तर डबा पडल्यासारखा. तो नवा करायचं काम मामाकडे आलं. मामा ओरडला, त्याचे मित्र ओरडले, दार लावून मीही ओरडले. त्याची इंग्रजी पत्रं मी तपासून देत असे, म्हणून तिकडचं उत्तर मीच आधी वाचलं — हा माणूस मरत नाहीये, नाटक करतोय; रविवारपर्यंत जमलं नाही तर दुसऱ्याला देऊ.

मामा दोन दिवस धड जेवला नाही. त्या वर्षी सकाळी वेळेवर उठावं असं त्याच्याकडे तेवढं एकच काम होतं.

आजोबा तेव्हा पुढच्या खोलीत कॉटवर होते. शेतात बांधावरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. आधी गुडघ्यांमध्ये उशी, मग मी म्हणायची — एक, दोन, तीन. तिनाला ते कॉटचा गज धरायचे आणि मी वळवायची. "शाळेची कवायत हाय का गं ही?" असं चिडवायचे. पण मोजल्याशिवाय हात लावू द्यायचे नाहीत. मोजलं की दुखणं सांगून येतं, म्हणायचे.

टेलिफोनची तार त्याच खोलीत असल्यामुळे कॉम्प्युटरही तिथेच होता.

शनिवारी दुपारी मामा बाजारात गेला होता. तीन वाजताची कूस बदलायची पाळी होती. आणि इथे माझा गोंधळ होतो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आवाज भरायचं बटण माझ्या ओरडण्यानंतर चुकून चालूच राहिलं होतं. पण मी ओरडले होते गुरुवारी. मग वाटतं, मी थकले होते, घाईत मोजायचं राहिलं. पण घाई कसली? दूध तापत नव्हतं. दारात कुणी नव्हतं.

बटण मी दाबलं. माईक कॉटच्या कडेला आणून ठेवला. उशी घेतली नाही. मोजलं नाही. आणि त्यांना वळवलं.

तो आवाज तुम्हाला माहीत आहे.

माझ्या मनात काय होतं? मुलाचं काम व्हावं, हे? की महिनोन्‌महिने वळवून वळवून मला त्यांचाच राग आला होता, आणि मुलाचं काम हे नुसतं निमित्त? दोन्ही खरं असेल का? ज्या माणसावर जीव आहे त्याच्याशी असं वागता येतं का? — येतं. मी वागले.

बऱ्याच वेळाने, श्वास ठिकाणावर आल्यावर, ते म्हणाले, "अगं, मोजायचं ऱ्हायलं तुझं." मी म्हणाले, हो.

संध्याकाळी मामाने तो आवाज ऐकला. "आई, हे कोण?"

"त्यांनी मुद्दाम काढून दिला," मी म्हणाले. "तुझ्यासाठी."

तो कॉटकडे धावला. "दादा! काय मेलात तुम्ही! एक नंबर!"

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माईककडे. मग माझ्याकडे — बराच वेळ. आणि मामाला म्हणाले, "मंग! गावच्या नाटकात तीनदा मेलेलो हाय मी. बिलकुल सराव होता."

आवाज पसंत पडला. गेम बनवणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आलं.

त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. त्यानंतर मी प्रत्येक वेळी मोजलं, मोठ्याने, अगदी स्पष्ट. ते एकालाच ओठ घट्ट मिटून घ्यायचे. चिडवणं थांबलं. कण्हणंही थांबलं. पुढे ते काठी घेऊन हिंडू-फिरू लागले, आणि दोन वर्षांनी शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातच वारले. मी उशाशी असताना त्यांनी तिथे एकदाही हूं केलं नाही.

तिथली नर्स एकदा मला म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर गेल्या की हे लई कण्हतात. तुम्ही आल्या की एकदम गप. किती जपतात हो तुम्हाला!"

मी म्हणाले, हो.