पहिल्या माणसाची आई

नववीला उत्क्रांतीचा धडा आला की सर आधी फळ्यावर माकड काढत. मग खडू धरलेल्याच हाताने कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस करत आणि वर्गाकडे वळत. चारही जागी खडूचे पांढरे ठिपके उमटत आणि ते झटकायचं त्यांना दिवसभर सुचत नसे. संध्याकाळी पोलादपूरच्या बाजारात ठिपके पाहून दुकानदार म्हणत, "आज माकड झालं वाटतं, सर!"

वर्गाकडे वळल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "कोणी केलं ते मला ठाऊक आहे. कसं केलं, तेवढं आपण बघू या."

सर कॅथलिक, रेवदंड्याकडच्या किनाऱ्यावरचे. पोलादपुरात त्यांच्या धर्माचं दुसरं घर नव्हतं. मी महाडचा, बौद्ध, घरातला पहिला पदवीधर. इतिहासाचा शिक्षक म्हणून शाळेत लागलो तेव्हा मला गावात खोली मिळत नव्हती. का, ते तुम्हाला सांगायला नको. सरांनी आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांतली एक मला दिली आणि चहा किती गोड लागतो एवढंच विचारलं. वर्गात उभं कसं राहायचं हेही मी त्यांच्याकडूनच शिकलो. जग कोणी केलं हा प्रश्न आमच्या घरी कधी निघाला नव्हता. त्यात जगायचं कसं, हाच निघायचा.

सरांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांची म्हातारी आई गावी एकटी राहत होती. नवरा गेल्यावर दिरांनी नारळाची वाडी बळकावली, वाडीच्या टोकाला एक खोली तिच्याकडे राहिली. तिने पोलादपूरला यावं म्हणून सर दर सुट्टीत जात आणि एकटेच परत येत. मुलगा शाळेत माणूस माकडापासून झाला असं शिकवतो, हे कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

"जिथं देवाला खोटा पाडतात, तिथं मी मरायची नाय," ती म्हणे.

"माय, मरायला नको. राहायला ये."

"माझं आता मरायचंच काम उरलंय रे."

सरांनी गावच्या फादरांना मध्ये घातलं. फादरांनी तिला समजावलं की माणसाचं शरीर आधीच्या प्राण्यांतून हळूहळू घडलं असं मानायला चर्चची आडकाठी नाही. आत्मा मात्र देव स्वतः घालतो, प्रत्येक माणसात. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मुलाला बाजूला घेऊन म्हणाली, "फादर पोरगेला हाय. त्याला चर्च अजून नीट कळायचंय."

सर हे मला पडवीत चहा पिताना हसत हसत सांगत होते. माझी पदवी नवी होती आणि वादाची हौस दांडगी. मी विचारलं, "सर, ज्या पहिल्या पोरात देवाने आत्मा घातला, त्याच्या आईत तो नव्हता का? म्हणजे मुलगा माणूस आणि आई जनावर?"

सरांचं हसू थांबलं. "थांबा हो जरा," ते म्हणाले.

ते 'जरा' पुढे दोनेक वर्षं चाललं. भाजी चिरताना, एसटीची वाट बघताना सर मध्येच म्हणत, "आपलं पोर वेगळं आहे, हे तिला कळलं असेल का हो?" कोणाला, ते विचारावं लागत नसे.

एका पावसाळ्यात म्हातारीच्या खोलीची भिंत बसली आणि ती आठ दिवसांच्या बोलीवर आली. बरोबर सुक्या बोंबलांची पिशवी, कापडात गुंडाळलेली येशूची तसबीर आणि एक कोयता. नेमक्या त्याच दिवसांत शाळेची प्रयोगशाळा गळत होती, म्हणून उत्क्रांतीचा मोठा कापडी तक्ता सरांनी घरी आणून ठेवला होता. माकडापासून माणसापर्यंत सगळे एका रांगेत चाललेले. आता तो लपवायचा कुठे? गुंडाळी दिसली की ती उलगडून बघणार. शेवटी आम्ही दोघा पदवीधरांनी तो तिच्याच गादीखाली पसरला. म्हातारी समग्र उत्क्रांतीवर झोपू लागली आणि सकाळी उठून सांगू लागली, "हितं पाठीला बरं वाटतं."

रविवारी डोंगरावरच्या कुडपणहून धोंडूदादा उतरून आले. त्यांची मुलगी आमच्याकडे नववीत होती. वर पठारावर नाचणी तयार होत आली होती, वानरांच्या टोळ्या शेतात घुसत होत्या आणि सुट्टीच्या दिवशी मुलगी राखणीला बसायची. दादा पायरीवर टेकले.

"सर, पोरगी गोफण हातात धरीत नाय."

"का?"

"सरांनी सांगितलंय म्हणते. वानर आपला बाप नाय, चुलत हाय."

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतली खुडबुड थांबली होती. "दादा, हळू बोला."

"हळू कसं बोलू? बाप असता तर पितरांत पान ठेवून मोकळा झालो असतो. चुलत म्हंजे वाटणीला आला! माझे दोन चुलतभाव मुंबयला हायत. राखणीला एक येत नाय, पण नाचणीत हिस्सा दरसाल नेतात. त्यात आता हे शेपटीवाले. नातं लांबचं का जवळचं, तेवढं सांगा."

"लांबचं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं."

"वाटणी झालीय?"

"काय?"

"कोटी वर्सं म्हणता, पण वाटणी झालीय का? झाली नसंल तर हक्क ऱ्हातो."

मला हे कायद्याला धरून वाटलं.

"पोरगी म्हणते तुमच्याकडं चित्र हाय," दादा म्हणाले. "दाखवा तरी, कोण कुणाचा ते."

म्हातारी दारात येऊन उभी होती. "कुठं हाय चित्र?"

सरांना खोटं बोलता येत नसे. "तुझ्या गादीखाली, माय."

तिने स्वतः गादी सरकवून तक्ता ओढून आणला आणि पडवीत पसरला. आम्ही सगळे वाकलो. आत बोंबील करपत होते, पण उठायची कोणाची हिंमत नव्हती. म्हातारीने रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"ह्यात बाई कुठं हाय?"

आम्ही पाहिलं. खरंच नव्हती.

"सगळे बाप्येच चाललेत. ह्यांना जन्माला घातलं कोणी?"

सर तिच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांनी शेवटच्या माणसावर बोट ठेवलं. "माय, याच्यात देवाने आत्मा घातला. पण याच्या आईत नव्हता म्हणतात. असं कसं?"

लहानपणी सर काही खुळ्यासारखं बोलले की ती जशी बघत असेल, तशी तिने त्यांच्याकडे पाहिलं. "नव्हता कसा? मग ह्याला पाजलं कोणी? रडला तर उचलला कोणी? देवानं माणूस मातीचा केला का माकडाचा, त्याचं तो बघील. पण केलेला धरायला कोणतरी पायजे ना?"

सरांनी मान खाली घातली. धोंडूदादांच्या डोक्यातून मात्र नाचणी जाईना. "आजी, माझ्या शेताचं काय?"

"मार दगड. भाऊबंद म्हणून सोडतात काय? मी दिरांच्या अंगावर कोयता घेऊन धावायची."

"आता कसं बोललात!" दादा समाधानाने उठले. पुढे त्यांची मुलगी गोफण फिरवताना "काका, हट!" असं ओरडू लागली. सरांनी त्याला विज्ञानाच्या बाजूने हरकत घेतली नाही आणि धर्माच्या बाजूनेही नाही.

त्या संध्याकाळी म्हातारीने कापड सोडून येशूची तसबीर बाहेर काढली आणि माझ्याकडे खिळा मागितला. तो मीच ठोकला. आठ दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही. मरायचं काम तिने आमच्याकडेच केलं, पण फार सावकाश. मधली वर्षं ती सावित्री नदीच्या माशांना चव नाही म्हणून रोज भांडत राहिली.

ती गेल्यावर जेवणाआधीच्या प्रार्थनेत सर गेलेल्यांची नावं घेत. आधी वडील, मग माय, आणि शेवटी पुटपुटत, "आणि पहिल्या माणसाची आई." मी देव न मानणारा, समोर ताट घेऊन थांबून राहायचो. तेवढं नाव झालं की आम्ही जेवायचो.

निवृत्त होऊन सर किनाऱ्यावर परतले. आता तेही नाहीत. तक्ता मात्र अजून प्रयोगशाळेत आहे. शेवटच्या माणसाच्या अलीकडे जी केसाळ, वाकलेली आकृती चालते, तिच्या कडेवर सरांनी पेन्सिलीने एक तान्हं पोर काढून ठेवलं आहे. चित्रकला त्यांची बेताची होती. पोर थोडं भोपळ्यासारखं दिसतं.

मध्ये विज्ञानाचे नवे शिक्षक आले. खोडरबर हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "मुलांनी काहीतरी गिरगटून ठेवलंय सर, पुसून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "पडेल ते पोर."