न चाखलेला गुलकंद

तंजावरच्या आमच्या घरात गोडधोड देवाला दाखवल्याशिवाय कुणी जिभेला लावत नसे. करणारीने तर नाहीच नाही. अम्मा नुसत्या वासावरून आमटीतलं मीठ सांगायची, पाकाची तार दोन बोटांत बघायची, आणि पळीतलं चाखून बघणाऱ्या बायकांना तिच्या लेखी स्वयंपाक येतच नव्हता. मला या सोवळ्याचा लहानपणापासून राग. पण माझ्या रागाला त्या घरात कोण विचारत होतं?

अप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि दिवसभर पान चघळायचे. पानात तंबाखू नसेल तर त्यांचा तासच सुरू होत नसे. गालाच्या आत फोड आला, तो बरा होईना, आणि शेवटी मद्रासला नेऊन त्यांना 'करंट' द्यावा लागला. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे सगळे करंटच म्हणतात. फोड गेला, आणि त्याच्याबरोबर जिभेची चवही गेली. भात ओल्या कागदासारखा लागतो म्हणाले आणि त्यांनी ताट सरकवलं. डॉक्टरांनी आम्हाला दोघींना बाजूला घेऊन सांगितलं की चव काहींची परत येते, काहींची येत नाही. मात्र ते जेवत राहिले तरच तगतील. अम्माने त्यातलं 'परत येते' एवढंच ऐकलं. पुढचं सगळं माझ्या वाट्याला आलं.

गावात तेव्हा सगळंच नवं येत होतं. गच्च्यांवरून केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, बसस्टँडवरच्या दुकानांत चकचकीत कागदांतल्या गोळ्यांच्या माळा टांगलेल्या असायच्या. मी त्यातल्या नाना तऱ्हा आणून अप्पांना दिल्या. ते एकेक गोळी तोंडात धरून खडा धरल्यासारखे बसून राहायचे आणि मग उठून थुंकून यायचे. अम्मा म्हणाली, विकतच्या गोडात काही अर्थ नाही, मुळापासून गोड पाहिजे. आणि तिने परस खणायला घेतलं.

तिने काय लावलं नाही! गुलकंदाचा पनीर गुलाब, पुदिना, आलं, धुण्याच्या दगडापाशी उसाची बेटं, आणि कुंपणावर गुंजेचा वेल, कारण गुंजेचा पाला चावला की गोड लागतो. रोपं तिरुवैयारूच्या माझ्या मावशीने बसने पाठवली, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळून. बागेला अप्पांनी नाव ठेवलं 'मिठाईतोट्टम', म्हणजे मिठाईची बाग. चेष्टा करायचे, पण संध्याकाळी खुर्ची टाकून तिथेच बसायचे.

दर शुक्रवारी काही ना काही व्हायचं. आल्याच्या वड्या, गूळखोबऱ्याचे कडक लाडू, पुदिन्याच्या रसातली साखरेची बत्तासेवजा चकती, जी कधीच धड जमली नाही. नैवेद्य झाला की पहिला तुकडा अप्पांना. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या. ते मान हलवायचे, नाही. मला ते बघवत नसे, आणि अम्माचा हट्ट तर त्याहून बघवत नसे. मेलेल्या झाडाला किती पाणी घालणार, असं मी एकदा तिला तोंडावर म्हटलं. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

आणि मग एका शुक्रवारी आल्याची वडी चघळता चघळता अप्पा थांबले. म्हणाले, आज थोडं गोड लागलं. अम्मा परसात गेली आणि धुण्याच्या दगडावर बसून रडली. मीही रडले; खोटं कशाला सांगू? त्या दिवसापासून ते जेवायला लागले. आधी अर्धी वाटी दहीभात, मग पूर्ण, मग वर थोडं सांबार. अंगात लोंबणारा सदरा भरला. दर आठवड्याला त्यांना थोडं जास्त गोड लागायचं, आणि अम्मा ते गल्लीभर सांगत फिरायची. माझी जीभ तेवढ्यापुरती गप्प झाली होती.

आषाढ-श्रावणातला आमचा आडी महिना संपता संपता गुलाब भरभरून फुलला. तेच दिवस कावेरीला नवं पाणी येण्याचे. नळाला गढूळ पाणी यायचं, म्हणून घरात तुरटी आणून ठेवलेली असायची. वाण्याकडून तुरटी आली तशीच खडीसाखर आली, दोन्ही कागदाच्या पुड्यांत, दोन्ही पांढरे काचेरी खडे. अम्माने घाईत पुड्या डब्यांत ओतल्या. गुलकंदासाठी तिने खलबत्त्यात खडे कुटले, पाकळ्यांवर थर दिले, बरणीला फडकं बांधलं आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवली. या खेपेला रंग नेहमीपेक्षा लालभडक आला. ती मला बोलावून बोलावून तो दाखवायची. चाखायचा प्रश्नच नव्हता.

शुक्रवारी देवापुढे वाटी ठेवून झाल्यावर तिने अप्पांच्या हातावर चमचाभर गुलकंद घातला. त्यांनी तो तोंडात घोळवला, डोळे मिटले, सावकाश गिळला.

"छान अहे," ते म्हणाले. "अस्क्यांत गोड हेच झालं." म्हणजे आजवरच्या सगळ्यांत गोड.

अम्माने आनंदाने बोटभर स्वतःच्या जिभेवर घेतलं, मी माझ्या. माझं सगळं तोंड आवळून आलं. गाल आत ओढले गेले, दातांवर कीट चढल्यासारखं झालं. तुरटी, निव्वळ तुरटी. गोडाचा कण नव्हता. मी धावत मोरीकडे जाऊन थुंकले. अम्मा मात्र तिथेच उभी होती, तोंड मिटून. तिने ते गिळलं.

अप्पांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. आयुष्यभर मुलांच्या तोंडांवरून चुकलेली उत्तरं ओळखणारा माणूस तो. अम्माने काही नाही, काही नाही म्हणून वाटी उचलली, तशी त्यांनी तिचं मनगट धरलं.

"मला काहीं लागत नाही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून नाही. तू एवढी झाडं लावलीस, म्हणून म्हणत गेलो."

"मग इतकं जेवत होतात ते?" अम्माने विचारलं.

"गोड लागतं म्हणायचं आणि जेवायचं नाही, हे कसं जमणार?"

मला वाटलं, आता अम्मा भांडेल, रडेल, निदान देवाला बोल लावेल. तिने वाटी घासायला टाकली. मीच तणतणले. देवाला दाखवायच्या आधी एक बोट चाखलं असतं तर काय देव उपाशी मरणार होता, असं काहीबाही बोलले.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दहीभात अर्धा टाकला. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाले, भूक नाही. आता त्यांना कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं, आणि नुसतं जगण्यासाठी तो ओला कागद गिळायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. मी हातापाया पडले, ओरडले, चमच्याने भरवायला गेले. ते तोंड फिरवून घ्यायचे, रागाने नाही, कंटाळून. मार्गळी, म्हणजे धनुर्मास, लागेपर्यंत ते गेले.

तेराव्यानंतर मावशी निघाली, तेव्हा तिने अम्माला विचारलं की गुलाबाचं एक कलम परत नेऊ का. अम्मा म्हणाली, अख्खं झाड ने. मग ती दारातच उभी राहिली. मला वाटलं, तिला माझं ते बोलणं आठवत असेल, आधी चाखायला हवं होतं म्हटलेलं. मी तिची माफी मागणार होते. तेवढ्यात तीच म्हणाली, "आपण ते नंतरही चाखायला नको होतं."