फेलीचा हेडसेट आणि बर्तोचा जनरल

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या मोलो भागातल्या आमच्या गल्लीत आवाजाला कधीच तोटा नव्हता. पण सगळ्यांत दणदणीत आवाज फेलिसितासचा. सगळी गल्ली तिला थोरल्या बहिणीच्या मानाने मनांग फेली म्हणते. बावीस वर्षं ती धक्क्यावर गिमारास बेटाच्या बोटी पुकारायची. तिच्या पुकाऱ्याने झोपलेले प्रवासी उठत, आणि चुकीच्या बोटीत बसलेले गुपचूप खाली उतरत. मग धक्क्यावर ध्वनिमुद्रित बाई आली आणि फेली घरी आली.

गप्प बसणं तिला ठाऊकच नव्हतं. मनिलाच्या एका कंपनीत नाव नोंदवून ती घरच्या संगणकावरून परदेशातल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवू लागली. हे काम तिला इतकं आवडलं, की वर्ग असेल त्या दिवशी ती लिपस्टिक लावून चुलीपाशी उभी राहायची.

आणि याच कामावर गदा आली. कंपनीचं पत्र आलं: कुवाबारा या विद्यार्थ्याने अकरा सोमवार सलग वर्गानंतरच्या शेऱ्यात कोंबड्याचा उल्लेख केला आहे, बाराव्यांदा झाला तर तुमचे वर्ग बंद. फेलीच्या तोंडचं पाणी पळालं. कुवाबारा म्हणजे जपानच्या बर्फाळ उत्तरेतले निवृत्त स्टेशनमास्तर. दर सोमवारी सकाळी सहाला टाय बांधून समोर बसायचे. हा भला माणूस पाठीमागे तक्रारी करत असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

कोंबडा शेजारच्या बर्तोचा, ज्याला सगळे थोरल्या भावाच्या मानाने मनोंग म्हणतात. नाव जनरल. फेली कुंपणापाशी गेली.

"मनोंग, सोमवारी सकाळी तेवढा तासभर त्याला गप्प ठेवता येईल का हो?"

"अगं बाई, त्याच्या बापाने सोळा झुंजी मारल्यात," बर्तो अतिशय गोड आवाजात म्हणाला. "त्याला गप्प बस म्हणणारा मी कोण?"

आमच्याकडे भांडणसुद्धा इतक्या गोडव्याने होतं की लांबून बघणाऱ्याला पाककृती सांगताहेत असं वाटावं.

तोड काढली फेलीच्या भाचीने. जिंकी नर्सिंग शिकते, आणि उरलेला वेळ संगणकावर लढाया खेळते. मंगळवारी तिने बिनतारी हेडसेट आणून मावशीच्या, तिच्या 'तीया'च्या, डोक्यावर चढवला. दोन्ही कानांवर लाल दिवे लुकलुकू लागले.

"तीया, हा खेळणाऱ्यांचा आहे. याचा माईक फक्त तुझं तोंड ऐकतो, बाकी सगळं गाळून टाकतो. नाही पटला तर सात दिवसांत परत."

"खेळणाऱ्यांचा खेळापुरता," फेली आरशात बघत म्हणाली. "मला रोज वापरायचाय. बघू दे तरी काय लायकीचा आहे ते."

आणि तिने नोंदींसाठी वही उघडली. पहिल्या दिवशी लिहिलं, दिवे नकोत, चेहरा तापल्यासारखा दिसतो. ते जिंकीने बंद करून दिले. दुसऱ्या दिवशी, आईने दिलेल्या सोन्याच्या कुड्या हेडसेटच्या गाद्यांखाली दुखतात. लग्नापासून कधी न काढलेल्या कुड्या तिने काढून डबीत ठेवल्या, आणि दिवसभर कान चाचपत राहिली. तिसऱ्या दिवशी हेडसेट घालून कपडे धुतले, मासे तळले. घाम येतो, पण घसरत नाही. शुक्रवारी ती घरच्या संगणकावरचा रेडिओ कानात लावून पाव आणायला निघाली, तर बेकरीच्या कोपऱ्यावर आवाज तुटला. ती मागे फिरून पावलं मोजत घरी आली. छत्तीस. बेकरीवाला पाव हातात धरून बघतच राहिला.

रविवारी खरी परीक्षा. जिंकी दोन घरं पलीकडे कानाला फोन लावून बसली, फेली हेडसेट घालून अंगणात, आणि गल्लीला सांगितलं की होईल तेवढा गोंगाट करा. अशी परवानगी आम्हाला जन्मात मिळाली नव्हती. तिचाकींचे भोंगे वाजले, पातेली बडवली गेली. समोरच्या नेनीताने व्हिडिओके, म्हणजे पडद्यावरचे शब्द बघून गायचं यंत्र, दारात आणून आपलं ठेवणीतलं विरहगीत सुरू केलं. जनरल तर कुंपणावर चढून पाच वेळा आरवला.

जिंकी धावत आली. "काही नाही! फक्त तीया ऐकू येत होती!"

फेलीचा जीव भांड्यात पडला. गल्ली मात्र हिरमुसली.

"माझं गाणं पण नाही?" नेनीताने विचारलं.

"एक शब्द नाही."

"हा कुठे मिळतो गं?" नेनीताचा नवरा लगबगीने पुढे आला, आणि चपलेचा फटका खाऊन मागे गेला.

बर्तो मात्र खरोखर दुखावला. "पाच वेळा आरवला तो. पाच! भिकार वस्तू गळ्यात मारलीय तुझ्या."

सोमवार उजाडला. सातवा दिवस, हेडसेट ठेवायचा की परत करायचा ते आज ठरायचं होतं. सहाला कुवाबारा टाय बांधून हजर झाले. जनरलने पहिली बांग दिली. ते तसेच. दुसरी दिली, तरी तसेच. फेली मनात नाचत होती. पण अर्ध्या तासाने म्हातारा चुळबुळ करू लागला.

"टीचर, एक विचारू? कोंबडा आजारी आहे का?"

"छे, ठणठणीत आहे. पण तुम्हाला त्रास होतो ना? तुम्ही दर वेळी शेऱ्यात लिहिता, म्हणून कंपनी माझे वर्ग बंद करायला निघालीय."

"मी मोजतो," कुवाबारा संकोचून म्हणाले. "कधी चार वेळा, कधी सहा वेळा. वडिलांकडे असा कोंबडा होता. इथे आता एकही नाही. मला वाटलं, कंपनीला आनंद होईल."

फेली इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. तिने माईकच्या आवाज-गाळणीचं बटण बंद केलं आणि हेडसेटसकट बाहेर धावली. खुराडं चौदा पावलांवर. छत्तीसपर्यंत भीती नव्हती.

पण जनरल आता मुकाट दाणे टिपत बसला होता. बर्तो विनवण्या करू लागला. "राजा, परदेशातून बोलावणं आलंय रे!" जनरलने मान फिरवली.

"टीचर," कानात आवाज आला, "त्याच्याजवळ धरता का? वडिलांच्या कोंबड्याला मी असाच उठवायचो."

फेलीने हेडसेट काढला, आवाज पूर्ण मोठा केला आणि जाळीला टेकवला. आतून सत्तर वर्षांचे स्टेशनमास्तर आरवले. काय आरवले! जनरलची मान ताठ झाली, पिसं फुलली. आपल्या मुलखात हा कोण उपटसुंभ? त्याने असं उत्तर दिलं की बेकरीपर्यंत कुत्री भुंकू लागली. मग तिकडून पुन्हा, इकडून पुन्हा. बर्तोने तर डोळेच पुसले.

संध्याकाळी फेलीने वहीत लिहिलं, "रोजच्या वापराला उत्तम. ठेवला." सगळ्या गोष्टीचा उलगडा करणारं पत्र कंपनीला पाठवायचं म्हणून तिने संगणक उघडला, तर कंपनीचंच पत्र आलं होतं. ताकीद मागे घेतली होती, आणि खाली कुवाबारांचा त्या दिवसाचा शेरा जोडला होता: "कोंबडा, सात वेळा. मी, सहा वेळा. ही तक्रार नाही. कधीच नव्हती. टीचरना काढू नका."

फेली अंगणात आली आणि धक्क्यावरच्या आवाजात तो शेरा तिने सगळ्या गल्लीला वाचून दाखवला. हेडसेट आत मेजावरच राहिला होता.